अर्नेस्ट स्टार्लिंग आणि ताणलेले हृदय

गेल्या श्रावणात बाबांच्या पायांना सूज आली. घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडे आणि तो बराच वेळ भरून येत नसे. जिना चढताना दम लागे. रात्री दोन उशा घेतल्या तरी आडवे होता येईना, मग ते खुर्चीतच बसून राहत. शेवटी शहरातल्या एका इस्पितळात नेले. छातीचा फोटो काढला, ई.सी.जी. झाला, एको झाला. निदान झाले की हृदय वाढले आहे. माणसाचे मन मोठे असणे चांगले आणि हृदय मोठे असणे वाईट कसे, हे आईला काही केल्या उमजेना.

रक्ततपासणीच्या कागदावर एक आकडा होता, २८४०. समोर कंसात लिहिले होते की तो १२५ च्या आत असावा. तपासणीचे नाव एन.टी.-प्रो-बी.एन.पी. मी डॉक्टरांना विचारले हे काय. बाहेर चाळीस-पन्नास रोगी ताटकळत होते. हे हृदयाचे संप्रेरक, जास्त म्हणजे वाईट, एवढे सांगून त्यांनी पुढचा केसपेपर ओढला. त्यांचा तरी काय दोष? पण मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बसलेला विद्यार्थी, आणि हृदय संप्रेरक स्रवते याबद्दल मला येत होती ती पी.यू.सी.च्या पुस्तकातली एक ओळ. एका गुणाच्या प्रश्नापुरती पाठ केलेली! घरी बाबा विचारू लागले की या आकड्याचा अर्थ काय, आणि मला सांगता येईना.

शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांना विचारले. त्यांनी उत्तर न देता सांगितले की आधी स्टार्लिंग वाच. मला वाटले हृदयाच्या नियमाचा स्टार्लिंग. तोच नियम, जो आम्ही परीक्षेत आलेख काढून लिहितो. वाचायला लागलो तेव्हा कळले की त्याच माणसाने संप्रेरक या कल्पनेलाही नाव दिले. दोन्ही गोष्टी एकाच हातून झालेल्या. इतकेच नव्हे, बाबांच्या पायाला जी सूज आली तिचे गणितही त्याचेच. मग दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या खाटेशेजारी बसून मी हे चरित्र जमेल तसे गोळा केले. विज्ञानशाखेबाहेरच्या वाचकांनाही समजावे अशा बेताने लिहितो आहे.

अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंगचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मॅथ्यू स्टार्लिंग हे बॅरिस्टर. त्यांची नोकरी मात्र आपल्या मुंबईला, क्लार्क ऑफ द क्राउन या हुद्द्यावर. दोन-तीन वर्षांतून एकदा ते घरी जात. मुलांचे सगळे आईनेच पाहिले. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या घरीही मनिऑर्डरीवर चालणारे संसार होते तर! घर श्रीमंत नव्हते. ज्या काळात इंग्लंडमधले शास्त्रज्ञ बहुधा केंब्रिज किंवा ऑक्सफर्डहून येत, त्या काळात हा मुलगा लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या वैद्यकशाळेत १८८२ साली दाखल झाला. १८८५ च्या उन्हाळ्यात जर्मनीत हायडलबर्गला जाऊन आला आणि तिथून परतला तो प्रयोगशाळेचे वेड घेऊनच. डॉक्टर झाला, पण रोगी तपासण्यात आयुष्य घालवायचे नाही हे ठरवून.

१८९१ मध्ये त्याने फ्लॉरेन्स वूल्ड्रिज हिच्याशी लग्न केले. ती विधवा होती. तिचा पहिला पती लेनर्ड वूल्ड्रिज हाही गाय्जमधलाच शरीरक्रियाशास्त्रज्ञ, तो १८८९ मध्ये तरुणपणीच वारला होता. त्या काळच्या आपल्या समाजात अशा लग्नाने केवढा गहजब उडाला असता ते सांगायला नको. फ्लॉरेन्सने पुढे त्याच्या कामात आणि व्यवहारात पुष्कळ सांभाळून घेतले. याच सुमारास विल्यम बेलिस हा त्याचा सहकारी झाला. बेलिस सधन घरचा, शांत, ग्रंथ धुंडाळणारा. स्टार्लिंग उतावळा, तोंडाने फटकळ. दोघांचे जमले ते असे जमले की १८९३ मध्ये बेलिसने स्टार्लिंगच्या बहिणीशी, गर्ट्रूडशी, लग्न केले. मेहुणे-मेहुणे मिळून प्रयोग करू लागले.

आता सुजेची गोष्ट. केशवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तातले पाणी सतत बाहेर झिरपत असते. मग सगळे शरीर फुगत का नाही? स्टार्लिंगने १८९६ मध्ये याचे उत्तर दिले. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, आणि रक्तातली प्रथिने ते आत ओढून घेतात. दोन्हींची तोलामापाने बरोबरी असते. हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडले की मागे शिरांत दाब साचतो, बाहेर ढकलणारे पारडे जड होते, आणि माणूस उभा-बसता राहत असल्याने पाणी आधी घोट्यांशी उतरते. बाबांच्या घोट्यावरचा खळगा हाच. मी त्यांना हे समजावले तेव्हा त्यांनी स्वतः पुन्हा एकदा अंगठा दाबून पाहिला.

१८९९ मध्ये स्टार्लिंग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला. आणि १६ जानेवारी १९०२ रोजी त्या मेहुण्यांच्या हातून तो प्रयोग झाला ज्याने वैद्यकाची दिशाच फिरली. प्रश्न साधा होता. जठरातले आंबट अन्न लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंड पाचकरस सोडते. त्याला कसे कळते? रशियातील पावलोव्हचे मत होते की नसांमार्फत. तेव्हा सगळ्यांचेच तसे मत होते, कारण शरीरातला निरोप म्हणजे नसांमधून जाणारा, हेच गृहीत होते. या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा असा वेगळा केला की त्याच्या सगळ्या नसा तोडल्या, फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. त्यात आम्ल घातले. स्वादुपिंडातून रस गळू लागला! नसा नाहीत आणि निरोप मात्र पोचला. मग स्टार्लिंगने आतड्याचे अस्तर खरवडले, वाळू आणि आम्ल घालून ते घोटले, गाळले आणि तो गाळीव रस शिरेत टोचला. थोड्याच वेळात स्वादुपिंड पुन्हा स्रवू लागले. निरोप्या रक्तात होता. त्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले.

खरवडणे, घोटणे, गाळणे, टोचणे ही रीत लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

१९०५ च्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्याची व्याख्याने झाली. एका अवयवात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या अवयवाला कामाला लावणाऱ्या द्रव्यांना तिथे त्याने पहिल्यांदा हॉर्मोन म्हटले. चेतवणे, उठवणे अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून तो शब्द घेतला होता. आपल्या मराठीत संप्रेरक हा शब्द ज्याने घडवला त्याने नेमका तोच अर्थ प्रेरणेच्या धातूतून आणला आहे. मूळ शब्दाइतकाच चांगला शब्द भाषांतरात क्वचित जमतो. हा जमला आहे.

इथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. डिसेंबर १९०२ मध्ये स्टार्लिंगने एका तपकिरी कुत्र्यावर शस्त्रक्रिया केली. फेब्रुवारी १९०३ मध्ये तोच कुत्रा बेलिसने विद्यार्थ्यांपुढे दुसऱ्या प्रात्यक्षिकाला वापरला. वर्गात दोन स्वीडिश तरुणी होत्या, प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधक. त्यांनी आरोप केला की कुत्र्याला पुरेशी भूल नव्हती. प्रकरण कोर्टात गेले. बेलिसने अब्रुनुकसानीचा दावा जिंकला, दोन हजार पौंड भरपाई मिळाली आणि ती त्याने प्रयोगशाळेला देऊन टाकली. पण साक्षीत स्टार्लिंगला मान्य करावे लागले की एकच कुत्रा दोनदा वापरून कायदा मोडला होता. दुसरा कुत्रा मारावा लागू नये म्हणून, असे त्याचे म्हणणे. पुढे बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभारला गेला, त्यावरून दंगे झाले आणि १९१० मध्ये तो हलवला गेला. आमच्या वर्गात आता बेडूकही कापत नाहीत, सगळे चित्रांवर शिकतो. मला ते बरे वाटते. पण बाबांची औषधे ज्या ज्ञानावर उभी आहेत ते या कुत्र्यांच्या अंगावरून आले आहे, हेही मला नाकारता येत नाही. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

यानंतर तो हृदयाकडे वळला. १९१२ च्या सुमारास त्याने सहकाऱ्यांबरोबर हृदय-फुप्फुसाची एक मांडणी सिद्ध केली. कुत्र्याचे हृदय आणि फुप्फुसे जिवंत चालू ठेवायची आणि बाकीच्या शरीराच्या जागी नळ्या, रबर, काच आणि एक उंचावर टांगलेले रक्ताचे भांडे. भांडे वर उचलले की हृदयात जास्त रक्त येते, खाली केले की कमी. आपल्या घरांवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. हृदयाकडे येणारी एकही नस शाबूत नाही. अशा हृदयात त्याने जास्त रक्त सोडले तेव्हा हृदय आधी फुगले, आणि मग प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकू लागले. आले तेवढे घालवू लागले. कुणी सांगावे लागले नाही. ताणलेला स्नायुतंतू अधिक जोराने आवळतो, हा तो नियम. म्युनिकच्या ओटो फ्रांकने बेडकाच्या हृदयावर याची बरीचशी वाट आधीच दाखवली होती, म्हणून आज दोघांचे नाव जोडून घेतात.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटला तो थकलेल्या हृदयाचा. प्रयोग काही तास चालला की हृदय दमत असे. स्टार्लिंगच्या ध्यानात आले की दमलेले हृदय पूर्वीइतकेच रक्त ढकलते, पण त्यासाठी त्याला पूर्वीपेक्षा जास्त फुगावे लागते. म्हणजे फुगणे हा आळस नाही. कमी पडणाऱ्या ताकदीची ती भरपाई आहे, अर्थात मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली की ताणाचा उपयोग संपतो. बाबांचे हृदय महिनोन्महिने, कदाचित वर्षानुवर्षे, हेच करत आले असणार आणि आम्हाला घरात पत्ता नव्हता. रक्तदाबाची गोळी ते आठवण होईल तेव्हा घेत, हे मात्र पत्ता असलेले सत्य.

हे सगळे त्याने १९१५ मध्ये केंब्रिजला लिनेकर व्याख्यानात मांडले. ते छापून आले १९१८ मध्ये, कारण मध्ये महायुद्ध होते. युद्धात तो सैन्याच्या वैद्यकीय दलात गेला, विषारी वायूपासून बचावाच्या संशोधनात राबला, १९१६ मध्ये सलोनिकाला पाठवला गेला. विज्ञान न कळणाऱ्या वरिष्ठांशी त्याचे पटणे शक्यच नव्हते. पुढे रॉयल सोसायटीच्या युद्धकालीन अन्नसमितीचा तो अध्यक्ष झाला. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये पराभूत जर्मनीत लोक काय खाताहेत याची पाहणी करून त्याने अहवाल दिला. नोबेल त्याला मिळाले नाही. सर ही पदवीही नाही. दोन्हींची त्याच्या योग्यतेच्या कितीतरी लोकांना खैरात झाली होती, असे माझे आपले मत. फटकळ तोंडाची किंमत सगळ्याच देशांत मोजावी लागते!

१९२० मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. प्रकृती परत आली नाही, पण काम थांबले नाही. आणि या शेवटच्या वर्षांत त्याने जे केले ते वाचून मी उठून बसलो. एर्नेस्ट व्हर्नी या तरुण सहकाऱ्याबरोबर त्याने आपल्या जुन्या हृदय-फुप्फुसाच्या मांडणीला एक मूत्रपिंड जोडले. हृदय रक्त ढकलते आहे, ते मूत्रपिंडातून जाते आहे, आणि बाहेर पडणारे मूत्र थेंबाथेंबाने मोजले जाते आहे. मूत्र भरपूर आणि पाण्यासारखे पातळ येई. पोष ग्रंथीच्या, म्हणजे पिट्युटरीच्या, पाठच्या भागाचा अर्क त्या रक्तात घातला की मूत्र कमी होई आणि दाट येई. मूत्रपिंडालाही रक्तातून निरोप येतो, हे त्याने पाहिले.

आता विचार करा. टेबलावर ताणलेले हृदय आहे. त्याला जोडलेले मूत्रपिंड आहे. मध्ये रक्त आहे. आणि शेजारी उभा आहे तो माणूस ज्याने रक्तातल्या निरोप्याला नाव दिले. हृदय स्वतःच त्या रक्तात मूत्रपिंडासाठी निरोप सोडत असेल, ही गोष्ट त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. ती त्याला दिसली नाही. हृदय म्हणजे पंप, यापलीकडे कुणाचीच कल्पना जात नव्हती.

१९२४ मध्ये बेलिस गेला. १९२७ मध्ये प्रकृतीला उतार पडावा म्हणून स्टार्लिंग वेस्ट इंडीजच्या जलप्रवासाला निघाला. २ मे रोजी बोट जमैका बेटावरच्या किंग्स्टन बंदरात शिरत असताना बोटीवरच त्याचा मृत्यू झाला. वय ६१. किंग्स्टनलाच त्याला पुरले आहे.

उरलेली गोष्ट दुसऱ्यांनी पुरी केली. १९५६ मध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या, पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कण दिसले. ग्रंथींच्या पेशींत असतात तसेच. त्याच वर्षी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवून तो ताणला तर मूत्र वाढते, हेही प्रसिद्ध झाले. पण त्याचे श्रेय पुन्हा नसांना दिले गेले. पावलोव्हच्या वेळचीच गोष्ट पुन्हा घडली! शेवटी १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड या अर्जेंटिनात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने उंदरांची अलिंदे घोटली, अर्क काढला आणि दुसऱ्या उंदरांना टोचला. स्टार्लिंगचीच रीत. मिनिटांत मूत्र दहापट झाले आणि त्यातले सोडियम तीसपटीहून अधिक. द बोल्डचे गावही किंग्स्टन. जमैकातले नव्हे, कॅनडातल्या ऑन्टारिओचे. योगायोगच, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

त्या संप्रेरकाचे नाव ए.एन.पी., २८ अमिनो आम्लांची साखळी. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत तसेच दुसरे सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदू अडकून राहिला: बी.एन.पी. पुढे कळले की त्याचे मुख्य उगमस्थान हृदयाचे खालचे कप्पे, म्हणजे निलय. निरोगी निलय ते फार थोडे करते. निलयाची भिंत ताणली, हृदय वाढू लागले, की त्याच्या पेशी गर्भावस्थेत चालू असलेली आणि जन्मानंतर मिटलेली काही जनुके पुन्हा उघडतात आणि ही संप्रेरके भराभर करू लागतात. संप्रेरक रक्तवाहिनीच्या आणि मूत्रपिंडाच्या पेशींवरील ग्राहकाला जाऊन चिकटते. ग्राहकाचा पेशीच्या आतला भाग लगेच चक्रीय जी.एम.पी. नावाचा दुसरा निरोप्या तयार करतो. त्याने रक्तवाहिनी सैलावते, मूत्रपिंड मीठ आणि पाणी सोडून देते. शिरांतला दाब उतरतो, ताण हलका होतो. स्टार्लिंगच्या भाषेत सांगायचे तर उंचावर टांगलेले भांडे हृदय स्वतःच थोडे खाली करून घेते.

मग बाबांच्या पायाला सूज का? कारण त्याच वेळी मूत्रपिंडाला रक्त कमी पोचल्याने रेनिन सुटते, त्यातून अँजिओटेन्सिन, त्यातून अल्डोस्टेरॉन, आणि ही मंडळी मीठ-पाणी धरून ठेवायला सांगतात. वाढलेल्या हृदयाच्या रोगात त्यांचा आवाज चढा होतो आणि हृदयाच्या निरोपाला मूत्रपिंड दाद देईनासे होते. निरोप जात राहतो, वाढत राहतो, काम मात्र होत नाही. बाबांच्या कागदावरचा २८४० म्हणजे त्या निरोपाच्या पाकिटांची मोजणी. बी.एन.पी. तयार होताना साखळीचा जो निकामी तुकडा सुटतो, तो रक्तात जास्त वेळ टिकतो आणि प्रयोगशाळेत तोच मोजतात. वय आणि मूत्रपिंडाचा आजार यांनीही तो आकडा चढतो, म्हणून एकट्या आकड्यावरून निवाडा करायचा नसतो. बाबांच्या गोळ्यांपैकी एक २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली जोडगोळी आहे. तिचा अर्धा भाग अँजिओटेन्सिनला अडवतो, आणि दुसरा अर्धा हृदयाच्या संप्रेरकांचे तुकडे करणाऱ्या विकराला. निरोप वाटेत फाडणाऱ्याचा हात धरायचा, असा तो उपाय.

हे सगळे मी बाबांना चार-पाच संध्याकाळी सांगितले. ते कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांना प्रत्येक गोष्टीची मिसल लागते. आता रोज सकाळी चहापूर्वी ते वजनकाट्यावर उभे राहतात आणि भिंतीवरच्या पंचांगाच्या चौकटीत आकडा लिहितात. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना कळवायचे असे ठरले आहे. लोणचे आणि पापड आईने वरच्या फळीवर टाकले आहेत. संक्रांतीनंतरच्या तपासणीत आकडा ११६० आला. अजून पुष्कळ आहे, पण ते आता एका उशीवर झोपतात.

लेख पुरा झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवला. हृदयाबद्दल, कुत्र्याबद्दल, द बोल्डबद्दल त्यांनी काही विचारले नाही. त्यांना जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की स्टार्लिंगचे वडील मुंबईच्या कोर्टात नेमके कोणते टेबल सांभाळत, आणि त्या हुद्द्याला पेन्शन किती बसत असे.